गुळवणी म्हणजे रस नव्हे

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चुलत्यांची, म्हणजे आण्णांची, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत होती. एका संध्याकाळी पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळावरून फोन आला, "आण्णा, साठ रवं हाईत. सकाळी गाडी लावून द्या." रवं म्हणजे गुळाच्या ढेपा. आण्णांनी ऐकलं, आठ. त्यांनी विचारलंही, "एकच आदण निघालं व्हय रं?" आदण म्हणजे एका काहिलीतला गूळ. पण तिकडून चरकाच्या इंजिनाची धडधड आणि "व्हय, व्हय" एवढंच परत आलं. सकाळी छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, गेला. 30 किलोचे 60 रवे म्हणजे 1,800 किलो माल, तो त्या गाडीत मावणार कसा? दुसरी गाडी मिळून गूळ पेठेत येईतोवर सौदे उरकले होते. दुसऱ्या दिवशी दर उतरला. गुऱ्हाळवाला म्हणे, मी साठच म्हणालो. आण्णा म्हणत, मी आठच ऐकलं. दोघंही खरं बोलत होते.

आण्णांचं वय झालेलं, इंजिन सुरू, रेंज यथातथा. सगळं मान्य. पण 'साठ' आणि 'आठ' यांत फरक फक्त एका 'स'चा, आणि साध्या फोन कॉलवर 'स' पुरता पोचतच नाही, हे मला फार उशिरा समजलं. 'स' म्हणताना जिभेच्या टोकाशी हवा घासून जो सुस्कारा निघतो, त्याचा बराचसा जोर 4,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4,000 कंपनांच्या, वर असतो. टेलिफोनचा पट्टा 300 ते 3,400 हर्ट्झ. तो ठरला तारांच्या जमान्यात. एकाच तारेवर अनेक संभाषणं शेजारी शेजारी बसवायची, म्हणून प्रत्येकाला 4,000 हर्ट्झची पट्टी, दोन्ही कडांना थोडा बांध सोडायचा, आणि मध्ये उरेल त्यात बोलायचं. शेताच्या वाटणीसारखाच हिशेब. पासष्ट आणि सासष्ट यांचा घोळ फोनवर रोज होतो तो त्याच बांधापायी. आपण मात्र समोरच्याला म्हणतो, "नीट बोल की लेका."

पुढं आवाज अंकांत आला. सेकंदाला 8,000 वेळा आवाज मोजायचा, प्रत्येक मोजणीला 8 बिट, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. 1972 मध्ये याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, जी.711. दूरसंचार खात्यातली जुनी माणसं जिला 'ई-वन' म्हणतात त्या 2 मेगाबिटच्या लाइनवर अशी 30 संभाषणं बसतात. पण 64 किलोबिट म्हणजे चैन आहे, हे इंजिनिअरांच्या लवकरच लक्षात आलं आणि काटकसर सुरू झाली.

पहिली काटकसर शांततेची. संभाषणात एक बोलतो तेव्हा दुसरा बहुधा ऐकत असतो, म्हणजे प्रत्येकाची वाट निम्म्याहून जास्त वेळ रिकामीच. अटलांटिकखालून 1956 मध्ये गेलेल्या पहिल्या टेलिफोन केबलीवर सुरुवातीला जेमतेम 36 संभाषणं चालत. 1960 मध्ये तिच्यावर अशी यंत्रणा बसवली की तुम्ही गप्प झालात की तुमची वाट दुसऱ्याला दिली जाई आणि तुम्ही तोंड उघडलंत की दुसरी मोकळी वाट तुम्हाला. क्षमता जवळपास दुप्पट झाली. आजच्या मोबाइलमध्येही हीच युक्ती आहे. फक्त पूर्ण शांतता झाली तर माणूस "हॅलो, हॅलो, कट झाला वाटतं" म्हणून ओरडायला लागतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला मुद्दाम खोटी खरखर भरतात. हे मला फार गमतीचं वाटतं. आवाज वाचवायचा आणि आवाज नसल्याचं कळू नये म्हणून नवा आवाज तयार करायचा.

यात एक मेख आहे. माणूस बोलू लागला हे यंत्राला ओळखायला जरा वेळ लागतो आणि तेवढ्यात शब्दाचं टोक छाटलं जातं. इंग्रजी माणसाचं यात काय बिघडतं ते त्याचं तो बघो. आपल्या भागात मात्र नकार 'न' वरच उभा आहे. "पैसं मिळालं न्हाय" यातल्या शेवटच्या शब्दाआधी माणूस क्षणभर थांबला आणि त्याचं टोक उडालं, तर काय उरतं? "हाय." एका अक्षराच्या काटकसरीत बाकी चुकती होते.

दुसरी काटकसर खरी बुद्धीची आहे, आणि तिच्यात एका भारतीयाचा मोठा हात आहे. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल 1961 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. बोलणं म्हणजे नळीतून फुंकलेली हवा. मग आवाजाची लाट जशीच्या तशी कशाला पाठवायची? नळीचा, म्हणजे घशा-तोंडाचा, त्या क्षणाचा आकार पाठवा, फुंक कशी होती ते पाठवा, पलीकडचं यंत्र त्यावरून आवाज पुन्हा घडवील. या विचाराला मूर्त रूप देणाऱ्यांत अटल अग्रभागी होते. 1985 मध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी मांडलेली 'सेल्प' ही पद्धत पुढच्या बहुतेक मोबाइल आवाजाचा पाया ठरली. त्या वेळी एक सेकंदाचं बोलणं दाबायला क्रे महासंगणकाला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. आज ते काम खिशातला फोन बोलता बोलता करतो.

कोल्हापूरकराला हे समजवायला सोपं आहे. रस आटवला की गूळ होतो. पाणी उडतं, मळी काढून टाकली जाते, गोडी उरते, आणि जिथं टँकर लागला असता तिथं पोत्यात काम भागतं. पलीकडच्या घरी गुळात पाणी घातलं की गुळवणी होते. पोळीबरोबर ती झकास लागते, पण तिला कुणी उसाचा रस म्हणत नाही. फोनवर आपण ऐकतो ती गुळवणी. जीएसएममध्ये, म्हणजे मोबाइलच्या दुसऱ्या पिढीच्या (2जी) पद्धतीत, 64 चे 13 किलोबिट झाले. गर्दी वाढली की 'हाफ रेट', म्हणजे 5.6 किलोबिट. एका 200 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एरवी 8 कॉल बसत, हाफ रेटनं 16. नंतरच्या एएमआर पद्धतीत 12.2 पासून 4.75 पर्यंत आठ पायऱ्या आल्या. सिग्नल आणि गर्दी बघून यंत्रणा आपली आपण पायरी उतरते. तुमच्या बोलण्याचं आत्ता किती आटवण चाललंय हे तुमच्या फोनला ठाऊक असतं, टॉवरला ठाऊक असतं, तुम्हालाच तेवढं ठाऊक नसतं.

आता माझं म्हणणं. आवाज दाबणं यात पाप काही नाही. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. तिथून फोन गवंड्याच्या, भाजीवालीच्या, गुऱ्हाळावरच्या गुळव्याच्या हातात आला. त्याला स्पर्धा, धोरण, स्वस्त हँडसेट अशी बरीच कारणं आहेत, पण तेवढ्याच स्पेक्ट्रममध्ये दुप्पट माणसं बसवणारी ही काटकसरही त्यातच मोडते. 64 किलोबिटचा स्वच्छ आवाज मूठभरांना आणि बाकीच्यांना बिझी टोन, यापेक्षा सगळ्यांना घोगरा आवाज बरा. माझी तक्रार वेगळी आहे. किती आटवायचं हे ऐकणाऱ्याला न विचारता, न सांगता ठरतं. वाचलेली जागा कुणाच्या कामी आली याचा हिशेब कुणी मागत नाही. आणि दर्जा मोजायची वेळ येते तेव्हा कान सोडून बाकी सगळं मोजलं जातं.

हिशेब मागायचा हक्क आपल्याला आहे का? आहे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच म्हणून ठेवलंय. कंपन्या लिलावात पैसे मोजतात ते वापराच्या हक्काचे. तलाव गावाचा, मासेमारीचा ठेका एकाचा, तसं. ठेकेदारानं जाळं कितीही हुशारीनं टाकावं, पण पाणी गढूळ झालं तर गावानं विचारायचं नाही, असं कुठल्या ठेक्यात लिहिलेलं असतं?

मोजमापाची गोष्ट अधिक बोलण्यासारखी आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2009 च्या नियमांत कॉल ड्रॉप 2 टक्क्यांपर्यंत चालतील असं होतं आणि 'चांगला आवाज' असलेले कॉल किमान 95 टक्के असावेत असंही होतं. वाचायला छान. पण गाडीत यंत्र ठेवून शहरभर फिरून जी चाचणी होई, तिच्यात जीएसएमचा हा चांगुलपणा जोखला जाई तो हवेतून आलेल्या बिटांत किती चुका झाल्या यावरून. म्हणजे 13 किलोबिटचा कॉल बिनचूक पोचला तर पास आणि 5.6 किलोबिटचा बिनचूक पोचला तरीही पास. गूळ पोत्यातून न सांडता आला एवढंच बघायचं. त्याची गुळवणी किती पातळ झाली हे चाखायचंच नाही.

जे मोजलं जात नाही तिथं कसर ढकलली जाते, हा व्यवहाराचा नियमच आहे. मापात काटा तपासतात म्हटलं की हिणकस माल येतो. कॉल ड्रॉपचं असंच झालं. ऑक्टोबर 2015 मध्ये ट्रायनं दर कॉल ड्रॉपला 1 रुपया, दिवसाला जास्तीत जास्त 3, अशी भरपाई ठरवली. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले. त्याच वादात 'रेडिओ लिंक टाइमआउट' हे नाव लोकांना कळलं. संपर्क तुटल्यावर कॉल संपला असं जाहीर करण्यापूर्वी यंत्रणा किती वेळ थांबते, ती मुदत. मुदत वाढवली की तुम्ही मुक्या फोनशी "ऐकू येतंय का?" करत बसता, वैतागून स्वतःच कॉल बंद करता, आणि नोंद होते ती ग्राहकानं आपण होऊन कॉल संपवल्याची. कागदावर ड्रॉप घटतो, पण कान तेच. हाफ रेटचा प्रकार याच जातीचा. गर्दीत कॉल लागला नाही तर तो नापास. लागला आणि काहीच समजलं नाही तर तो पास.

कानांनी मोजायची रीत नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकांत 1 ते 5 गुणांची पद्धत आहे. माणसांना बसवून ऐकवायचं आणि गुण घ्यायचे, 5 म्हणजे उत्तम. माणसांऐवजी गणितानं तोच अंदाज काढायची पीईएसक्यू ही पद्धत 2001 पासून आहे, तिच्यामागून पोल्का आली. साधनं सगळी हाताशी आहेत. फक्त नियमात 'काय पोचलं' याऐवजी 'काय ऐकू आलं' असं लिहायचं, चाचणीची वाक्यं इथल्या भाषेतली ठेवायची, आणि निकाल टॉवरनिहाय जाहीर करायचा. मराठीतला 'च' दोन तऱ्हांनी म्हणतात, चारातला वेगळा आणि चाकातला वेगळा; 'ठ' आणि 'ट' यांत फक्त एका फुंकरीचा फरक. अशा भाषेची परीक्षा परक्या भाषेच्या पेपरनं घेऊन चालणार नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "अहो, बँडविड्थ मर्यादित आहे." होती, खरी. आज आकडेमोड करून बघा. विस्तृत पट्ट्याचा आवाज, ज्यात 'स' बऱ्यापैकी शाबूत राहतो आणि 7,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तो एएमआर-वाइडबँडच्या सगळ्यांत वरच्या पायरीला 23.85 किलोबिट घेतो. तासभर बोललात तर एका दिशेला साधारण 10.7 एमबी. सेकंदाला 1 मेगाबिटचा अगदी मामुली व्हिडिओ तासाला 450 एमबी खातो. रंकाळ्यावर भेळ खाता खाता एक पोरगा अर्धा तास रील्स बघतो, तेवढ्यात त्याची आजी वीस तासांहून जास्त वेळ स्वच्छ आवाजात बोलली असती. मग आजीच्याच आवाजावर कात्री का? 4जीवरच्या कॉलला हा विस्तृत पट्टा मिळू शकतो, मिळतोही. पण पलीकडचा माणूस दुसऱ्या कंपनीचा असला आणि दोन कंपन्यांची जोडणी जुन्या 64 किलोबिटच्या पद्धतीची असली, की आवाज पुन्हा 3,400 च्या दारातून वाकून जातो. एका पद्धतीतून उलगडायचा, दुसरीत दाबायचा, असं होत गेलं की दर वेळी थोडा चोथा उरतो. हा तोटा हवेतल्या टंचाईचा नाही. दोन घरांनी एकमेकांकडं उघडणारं दार बारीक ठेवलंय, त्याचा आहे.

आणि खरी उधळपट्टी भलतीकडंच असते. इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाचं उदाहरण घ्या. जी.729 ही पद्धत बोलणं 8 किलोबिटवर आणते. 20 मिलिसेकंदांचं बोलणं 20 बाइटमध्ये मावतं. पण त्या प्रत्येक पुडीवर पत्त्यांचा मजकूर 40 बाइटांचा. चिठ्ठीपेक्षा पाकीट दुप्पट जड! 8 चे 24 किलोबिट होतात ते या पाकिटांमुळं. पत्ते दाबायच्या पद्धतीही आहेत. 40 बाइट मोजक्या बाइटांवर येतात आणि ऐकणाऱ्याचा एक उच्चारही त्यात जात नाही. म्हणून काटकसरीचा क्रम असा असावा की आधी पाकीट हलकं करा, मग शांतता वाचवा, आणि तरीही भागलं नाही तरच बोलण्याला हात लावा. होतं उलटं, कारण बोलणं कापलेलं कुणाला सिद्ध करता येत नाही.

बोलण्याला हात लावायचीच वेळ येते तेव्हा मी स्वतः म्हणेन, खुशाल लावा. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहर तुटलं, निम्मं गाव वर्तमानपत्रांऐवजी फोनवर पंचगंगेची पातळी विचारत होतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. अशा वेळी वीज जाते, टॉवर बॅटरीवर येतात, काही बंद पडतात आणि उरलेल्यांवर सगळ्यांचा भार येतो. तेव्हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येईना, आंबेवाडीच्या माणसाचा कॉल लागला पाहिजे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर लाखो माणसं जमतात; हरवलेलं पोर सापडल्याचा निरोप पोचण्यापुढं 'स' गेला तरी चालतो. गगनबावड्याच्या घाटात किंवा चंदगडच्या टोकाला सिग्नल क्षीण असतो, तिथं तर दाबलेला आवाजच उपकारक. एएमआर बोलण्याचे बिट कमी करून वाचलेले बिट चुका दुरुस्त करायला लावतो, म्हणून जो कॉल तुटला असता तो टिकतो. माझा विरोध आहे तो साध्यासुध्या मंगळवारी दुपारी राजारामपुरीत, भरल्या रेंजमध्ये, दुष्काळातल्यासारखं पाणी मोजून देण्याला. आणि महापुरात 112 ला लागलेल्या कॉलला मात्र वरचीच पायरी द्या. तिथं गल्लीचं नाव एकदाच नीट ऐकू यायला हवं.

एक बाजूची गोष्ट. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब या गावात राहिले, देवल क्लब ही गाण्याची संस्था इथली, 1883 ची. लॉकडाउनमध्ये इथल्या काही शिक्षकांनी फोनवर गाणं शिकवायचा प्रयत्न केला. जमेना. यंत्र एका बोलणाऱ्या घशासाठी घडवलेलं. तानपुऱ्याच्या चार तारा एकदम आल्या की त्याला कळेना हा कुठला माणूस. सूर आत-बाहेर होई, मध्येच गायब. काहींना वाटलं, विद्यार्थीच बेसूर. ज्यानं माल दाबला त्याचं नाव नाही आणि ज्याचा आवाज दाबला गेला त्याच्यावर ठपका, हे आण्णांच्या साठ-आठपासून चालत आलंय.

पुढं येऊ घातलेली गोष्ट मला याहून जास्त काळजीची वाटते. गूगलनं 2021 मध्ये 'लायरा' ही आवाज दाबायची पद्धत आणली. आवाज 3 किलोबिटवर, आणि पलीकडं शिकवलेलं यंत्र तो पुन्हा रचणार. अशा यंत्रांनी हजारो तास माणसांचं बोलणं ऐकलेलं असतं, त्यामुळं जे पोचलं नाही ते ती अंदाजानं भरतात, आणि छान भरतात. अडचण छान भरण्यातच आहे. जुनी पद्धत बिघडली की खरखर होई, शब्द फाटे, आणि आपण विचारत असू, "काय म्हणालास?" ती खरखर म्हणजे मापाच्या डब्याला पडलेली चीर होती, गळतंय हे दिसायचं. नवं यंत्र चुकेल तेव्हा स्वच्छ चुकेल. 'साठ'चा 'स' पोचला नाही तर ते धारदार, खणखणीत 'आठ' ऐकवील आणि आण्णांना "एकच आदण निघालं व्हय?" असं विचारावंसंही वाटणार नाही. उद्या असा कॉल रेकॉर्ड होऊन कोर्टात आला, तर त्यातलं अक्षर माणसाचं किती आणि यंत्राचं किती, हे सांगणारी खूण त्या रेकॉर्डिंगवर असायलाच हवी. हा नियम अशा पद्धती सर्रास झाल्यावर करायचा म्हटला तर तेव्हा कंपन्या म्हणतील, आता यंत्रणा बदलणं परवडत नाही.

तोवर लोकांनी आपले उपाय शोधलेत. पेठेत आकडा दोनदा सांगतात, "साठ, सहा-शून्य." बँकेचा माणूस खातेक्रमांक एकेक अंक सुटा विचारतो. आण्णा आता पेढीवर बसत नाहीत. अडत चुलतभाऊ बघतो. पन्हाळ्याकडचं ते गुऱ्हाळ अजून चालू आहे आणि दोन्ही घरांचं बोलणंही. फक्त मालाची वर्दी द्यायला तिथून आता फोन येत नाही. गुळव्या रवे ओळीनं मांडतो आणि फोटो पाठवतो. फोटोही दाबलेलाच असतो, पण भाऊ त्यावर बोट ठेवून रवे मोजतो आणि मगच गाडी सांगतो.